संगणक बंद, रुग्णालय चालू

आमच्या रुग्णालयाच्या प्रत्येक वॉर्डात लाल पट्टी चिकटवलेला एक संगणक आहे. मुख्य यंत्रणा बंद पडली तरी रुग्णांची औषधे, त्यांच्या अ‍ॅलर्जी आणि शेवटचे तपासणी-अहवाल पाहता यावेत, म्हणून दर तासाला या सगळ्याची एक प्रत त्या संगणकात आपोआप उतरते आणि शेजारच्या प्रिंटरवर ती छापता येते. मी माहिती-तंत्रज्ञान विभागात काम करतो आणि ही व्यवस्था उभी करण्यात माझाही हात होता, त्यामुळे यंत्रणा बंद पडल्यास काय करायचे याच्या पहिल्या तालमीच्या दिवशी मी काहीशा ऐटीतच त्या संगणकाजवळ उभा होतो. ठरल्या वेळी वॉर्डाचे नेटवर्क तोडले गेले. प्रमुख परिचारिका खुर्चीत बसल्या, त्यांनी आपले नाव आणि पासवर्ड टाकला, थोडा वेळ पडद्याकडे पाहिले आणि म्हणाल्या, "सर, हा मला आत घेत नाही." पासवर्ड बरोबर होता. तो बरोबर आहे की नाही हे तपासणारा सर्व्हर मात्र मुख्य यंत्रणेत होता, आणि मुख्य यंत्रणेशी असलेली जोडणी आम्हीच तोडली होती. ताज्या माहितीने भरलेला तो संगणक तीन तास आमच्यासमोर चालू होता आणि त्यातली एक ओळही कोणाला वाचता आली नाही.

रॅन्समवेअरच्या, म्हणजे संगणकातल्या फाइलींना कुलूप घालून खंडणी मागणाऱ्या घातक प्रोग्रामच्या हल्ल्यासाठी रुग्णालयाने काय तयारी करावी, हा विषय निघाला की बहुतेक चर्चा हल्लेखोराला आत येऊ न देण्याभोवती फिरते. ती चर्चा आवश्यकच आहे आणि तिच्याकडे मी येईन. परंतु गेल्या काही वर्षांतल्या मोठ्या घटनांचे चौकशी अहवाल वाचून आणि आमच्याच तालमींतली फजिती पाहून माझे मत असे झाले आहे की, रुग्णालयाने स्वतःला सर्वांत आधी विचारायचा प्रश्न वेगळा आहे. संगणक नसताना आपण किती दिवस रुग्णांना सुरक्षितपणे सांभाळू शकतो? बहुतेक ठिकाणी योजना चार ते आठ तासांसाठी आखलेली असते, कारण ती वीज जाणे किंवा एखादा सर्व्हर बिघडणे डोळ्यांसमोर ठेवून केलेली असते. रॅन्समवेअरनंतरचा काळ आठवड्यांत मोजावा लागतो.

आरोग्यक्षेत्राशी या गुन्ह्याचे नाते फार जुने आहे. १९८९ साली जोसेफ पॉप नावाच्या जीवशास्त्रज्ञाने एड्सविषयक माहितीच्या नावाखाली सुमारे २०,००० फ्लॉपी डिस्क टपालाने पाठवल्या, आणि त्या ज्यांच्या हाती पडल्या त्यांत जागतिक आरोग्य संघटनेच्या एड्स परिषदेला आलेले लोकही होते. संगणक साधारण नव्वद वेळा सुरू झाला की फाइलींची नावे वाचता येईनाशी होत आणि पनामातल्या एका टपालपेटीवर १८९ डॉलर पाठवण्याची सूचना पडद्यावर येई. २०१६ च्या फेब्रुवारीत लॉस एंजेलिसच्या हॉलिवूड प्रेस्बिटेरियन रुग्णालयाने ४० बिटकॉइन, म्हणजे तेव्हाचे सुमारे १७,००० डॉलर मोजून आपल्या फाइली सोडवल्या. २०२४ मध्ये चेंज हेल्थकेअर या वैद्यकीय बिलांचे व्यवहार हाताळणाऱ्या अमेरिकी कंपनीच्या प्रकरणात हाच आकडा २ कोटी २० लाख डॉलरवर पोहोचला. रुग्णालयाला थांबता येत नाही, त्याच्या यंत्रांचे वय जास्त असते आणि त्याच्याकडची माहिती कोणालाही उघड झालेली नको असते, हे तिन्ही गुण एकाच ठिकाणी सापडणे खंडणीखोरांच्या दृष्टीने सोन्याची खाण आहे.

१२ मे २०१७ रोजी जगभर पसरलेल्या वॉनाक्राय या रॅन्समवेअरच्या प्रकरणावर ब्रिटनच्या राष्ट्रीय लेखापरीक्षण कार्यालयाने लिहिलेला अहवाल मी नव्या सहकाऱ्यांना आवर्जून वाचायला देतो. त्यात इंग्लंडमधल्या एनएचएसच्या, म्हणजे तिथल्या सरकारी आरोग्य सेवेच्या, रुग्णालये वगैरे चालवणाऱ्या २३६ ट्रस्टपैकी किमान ८० ट्रस्टना फटका बसल्याची आणि सुमारे ६०० दवाखाने अडचणीत आल्याची नोंद आहे, आणि रद्द झालेल्या भेटींचा अंदाज १९,००० च्या वर जातो. या प्रकरणाचे खापर अजूनही विंडोज एक्सपी या जुन्या प्रणालीवर फोडले जाते, पण अहवाल सांगतो की बाधित संगणकांपैकी बहुतेक विंडोज ७ चालवत होते, ज्यासाठी मायक्रोसॉफ्टने दुरुस्ती मार्च महिन्यातच दिली होती. ती बसवणे तेवढे राहून गेले होते. त्याहून मला महत्त्वाची वाटलेली गोष्ट अशी की, फटका बसलेल्या कित्येक संस्थांत विषाणू शिरलाच नव्हता. त्यांनी खबरदारी म्हणून ईमेल आणि इतर यंत्रणा स्वतःच बंद केल्या, आणि मग एकमेकांशी बोलायचे कसे हा प्रश्न पडल्यावर कर्मचाऱ्यांनी आपापल्या मोबाइलवरचे व्हॉट्सअ‍ॅप वापरले. अशा हल्ल्यासाठी सरकारी पातळीवर योजना होती, पण स्थानिक पातळीवर तिची चाचणी कधीच घेतली गेली नव्हती. लाल पट्टीच्या संगणकाचा अनुभव गाठीशी असल्यामुळे ते वाक्य वाचताना मला नवल वाटले नाही.

मात्र या विषयातले सर्वांत मोलाचे दस्तऐवज माझ्या मते आयर्लंडने जगाला दिले आहे. १४ मे २०२१ च्या पहाटे तिथल्या सार्वजनिक आरोग्य सेवेवर, म्हणजे एचएसईवर, कोंटी टोळीने हल्ला केला, आणि त्या संस्थेने पीडब्ल्यूसी या सल्लागार कंपनीकडून करून घेतलेला चौकशी अहवाल त्याच वर्षी डिसेंबरमध्ये सर्वांसाठी खुला केला. त्यातला घटनाक्रम असा आहे. १८ मार्चला एका कर्मचाऱ्याने ईमेलसोबत आलेली एक्सेल फाइल उघडली. त्यानंतर आठ आठवडे हल्लेखोर आत होते. ते एका यंत्रणेतून दुसरीत जात होते, अधिकार वाढवत होते, आणि या काळात अनेकदा त्यांची चाहूल लागली होती. ज्या संगणकापासून सुरुवात झाली त्याच्यावरील अँटिव्हायरस केवळ निरीक्षण करण्याच्या स्थितीत ठेवलेला होता, म्हणून त्याने पाहिले आणि अडवले नाही. १३ मे रोजी, म्हणजे आदल्या दिवशी, सुरक्षा पुरवठादाराने ईमेल पाठवून कळवले की किमान १६ यंत्रणांवर ७ मेपासूनचे धोक्याचे इशारे तसेच पडून आहेत. त्यावर सुरक्षा चमूने सर्व्हर चमूला ते सर्व्हर पुन्हा सुरू करायला सांगितले. काही तासांनी सगळे कुलूपबंद झाले. याच हल्लेखोरांनी आयर्लंडच्या आरोग्य मंत्रालयावरही हात टाकला होता, पण तिथे चाहूल वेळेत ओळखली गेली आणि मोठे नुकसान टळले.

त्या सुरक्षा चमूला हसणे सोपे आहे. मी मात्र अनेक रात्री त्याच जागी बसलो आहे आणि मला ठाऊक आहे की अशा इशाऱ्यांचा दिवसभर पाऊस पडत असतो, त्यातले बहुतेक फोल निघतात, आणि रात्रपाळीच्या कनिष्ठ अभियंत्याला एखादा इशारा खरा वाटला तरी त्याच्या बळावर संपूर्ण रुग्णालयाचे नेटवर्क तोडण्याचे धाडस होत नाही. तोडले आणि इशारा खोटा निघाला तर सकाळी त्याला जाब द्यावा लागेल. तोडले नाही आणि इशारा खरा निघाला, तर दोष यंत्रणेचा, म्हणजे कोणाचाच नाही. एचएसईमध्ये सायबर सुरक्षेची जबाबदारी वरिष्ठ पातळीवर कोणा एकाकडे नव्हती, असे अहवालात स्पष्ट म्हटले आहे. म्हणून तयारीचा पहिला भाग मी यंत्रसामग्रीत शोधत नाही, तर एका सहीच्या कागदात शोधतो. रात्री दोन वाजता, कोणालाही फोन न करता, बाहेरची जोडणी आणि विभागांमधले दुवे तोडण्याचा अधिकार पाळीवरच्या अभियंत्याला आहे, आणि सद्हेतूने घेतलेल्या अशा निर्णयाबद्दल त्याच्यावर कारवाई होणार नाही, असे वैद्यकीय अधीक्षकांच्या सहीने लिहून मिळालेले असावे. आम्हाला हा कागद मिळवायला सात महिने लागले. फायरवॉलची मंजुरी यापेक्षा लवकर मिळते.

आता प्रवेशाच्या वाटांविषयी, थोडक्यात, कारण याबाबत तज्ज्ञांत फारसा मतभेद नाही. चेंज हेल्थकेअरमध्ये हल्लेखोर १२ फेब्रुवारी २०२४ रोजी चोरलेल्या नावा-पासवर्डाने दूरस्थ प्रवेशाच्या सिट्रिक्स पोर्टलमधून आत आले, आणि त्या पोर्टलवर दुहेरी पडताळणी, म्हणजे पासवर्डशिवाय ओळखीचा आणखी एक पुरावा मागण्याची सोय, लावलेली नव्हती, असे मूळ कंपनीच्या प्रमुखांनी अमेरिकी काँग्रेससमोर सांगितले. नऊ दिवसांनी कुलूप पडले आणि अखेरीस सुमारे १९ कोटी लोकांची माहिती बाधित झाल्याचे कंपनीने जाहीर केले. दिल्लीच्या एम्समध्ये २३ नोव्हेंबर २०२२ रोजी ई-हॉस्पिटल यंत्रणा बंद पडून नोंदणीपासून प्रयोगशाळेपर्यंतची कामे सुमारे दोन आठवडे हाताने करावी लागली. पाच सर्व्हर आणि सुमारे १.३ टेराबाइट माहिती यांना फटका बसला आणि नेटवर्कची विभागणी योग्य नसल्याने हे घडले, असे सरकारने संसदेत सांगितले. बाहेरून आत येणाऱ्या प्रत्येक वाटेवर दुहेरी पडताळणी, दुरुस्त्या वेळेवर बसवणे, आणि एका विभागाची आग दुसऱ्यात जाऊ नये अशी नेटवर्कची विभागणी, या तीन गोष्टी मनापासून केल्या तर बरेच हल्ले वाटेतच अडखळतात.

विभागणीच्या बाबतीत रुग्णालयाची एक खास अडचण आहे, आणि ती बाहेरच्या सल्लागारांना पटकन समजत नाही. एमआरआय किंवा सीटी यंत्राशी जोडलेला संगणक हा त्या यंत्राचाच एक भाग असतो. त्याच्यावरची प्रणाली कालबाह्य झाली म्हणून आपण ती बदलू शकत नाही, कारण उत्पादकाने प्रमाणित केलेल्या रचनेत हात घातला की सुरक्षिततेची हमी आणि देखभालीचा करार दोन्ही अडचणीत येतात. अशी यंत्रे दहा-पंधरा वर्षे चालतात. त्यांना वेगळ्या कप्प्यात ठेवणे, त्यांनी केवळ प्रतिमा साठवणाऱ्या सर्व्हरशीच बोलावे असे नियम घालणे, आणि दुरुस्तीसाठी बाहेरून जोडणी घेणाऱ्या कंपनीला कायमचा दरवाजा न देता काम असेल तेव्हाच तो उघडून देणे, एवढेच आपल्या हाती असते. आमच्याकडे अशा कायमच्या उघड्या दरवाजांची मोजणी केली तेव्हा त्यातला एक दरवाजा ज्या यंत्रासाठी होता ते यंत्र भंगारात जाऊन दोन वर्षे झाली होती.

बॅकअपविषयी बोलताना जवळजवळ प्रत्येक व्यवस्थापक "आमच्याकडे बॅकअप आहे" हे वाक्य समाधानाने उच्चारतो. हल्लेखोरांनाही ते ठाऊक असते, म्हणून कुलूप घालण्यापूर्वी ते बॅकअप शोधून पुसतात, आणि बॅकअपचा सर्व्हर इतर सगळ्यांसारख्याच मध्यवर्ती खात्यांवर चालत असेल तर त्यासाठी त्यांना वेगळे कष्टही पडत नाहीत. एक प्रत तरी नेटवर्कपासून पूर्णपणे तुटलेली किंवा ठरावीक मुदतीपर्यंत कोणालाही, अगदी प्रशासकालाही, बदलता न येणारी हवी. पण प्रत सुरक्षित राहिली तरी पुढचा प्रश्न साध्या अंकगणिताचा आहे, आणि तो मी बैठकीत फळ्यावर सोडवून दाखवतो. समजा ४० टेराबाइट माहिती परत आणायची आहे आणि मधली जोडणी सेकंदाला एक गिगाबिटची, म्हणजे सेकंदाला साधारण सव्वाशे मेगाबाइट नेणारी आहे. ती पूर्ण वेगाने, एक क्षणही न अडखळता चालली, तरी सुमारे ८९ तास लागतात. प्रत्यक्षात पूर्ण वेग कधीच मिळत नाही, आणि परत आणलेल्या प्रत्येक सर्व्हरमध्ये हल्लेखोराने मागे ठेवलेली वाट नाही ना हे तपासल्याशिवाय तो जोडता येत नाही. आयर्लंडसारखे आठ आठवडे ते आत असतील, तर गेल्या महिन्याचा बॅकअपही संशयाच्या यादीत येतो. फळ्यावरचे ८९ तास पाहिल्यावर खोलीत जी शांतता पसरते, तिच्यातूनच आमच्या रुग्णालयात खरी चर्चा सुरू झाली.

त्या चर्चेचा पुढचा टप्पा म्हणजे क्रम. सर्वप्रथम काय परत आणायचे असे प्रत्येक विभागप्रमुखाला विचारले, तेव्हा प्रत्येकाने आपल्या विभागाचे नाव सांगितले, आणि लेखा विभागाने तर बिलांची यंत्रणा बंद राहिल्यास पगार कसे होणार अशी प्रेमळ धमकीही दिली. खरे उत्तर कोणाच्याच यादीत नव्हते. कर्मचाऱ्यांची ओळख पटवणारी मध्यवर्ती यंत्रणा आणि नेटवर्कमधले नाव-पत्ते सांगणारा सर्व्हर या दोन गोष्टी उभ्या राहिल्याशिवाय बाकीचे काहीच उभे राहत नाही, हे आम्हाला लाल पट्टीच्या संगणकाने आधीच शिकवले होते. त्यानंतर रक्तपेढी, प्रयोगशाळा, औषधांचे तक्ते, प्रतिमा, आणि मग इतर, असा क्रम आम्ही बराच वाद घालून ठरवला. हा वाद हल्ल्याच्या दिवशी घालणे किती महाग पडेल याची कल्पना करून पाहा.

एका गोष्टीचा भ्रम मात्र आयर्लंडच्या अनुभवाने पुरता दूर होतो. टोळीने २० मे रोजी, म्हणजे सहा दिवसांत, कुलूप उघडण्याची किल्ली फुकट देऊन टाकली होती. तरीही सर्व सर्व्हर आणि जवळजवळ सर्व यंत्रणा पूर्ववत व्हायला २१ सप्टेंबर उजाडला. खंडणी द्यावी की नाही याची नैतिक चर्चा आपण जरूर करावी, पण ती करताना किल्ली मिळाली म्हणजे दुसऱ्या दिवशी सकाळी काम सुरू होईल, हे गृहीत धरू नये. चेंज हेल्थकेअरने २ कोटी २० लाख डॉलर दिल्यानंतर टोळीतल्या भागीदारांत पैशांवरून बिनसले, आणि तीच माहिती घेऊन दुसरी टोळी पुन्हा खंडणी मागायला आली. आता बहुतेक टोळ्या कुलूप घालण्याआधी माहिती चोरून नेतात, त्यामुळे उत्तम बॅकअप असलेल्या संस्थेलाही धमकी द्यायला त्यांच्याजवळ काहीतरी उरतेच. द्यायची की नाही, हा निर्णय कोणी घ्यायचा, कायदेशीर सल्ला कोणाचा, पोलिसांशी आणि रुग्णांशी कोण बोलणार, हे आधी लिहून ठेवावे.

आता कागदाकडे येतो, कारण हल्ल्यानंतरचे आठवडे कागदावरच काढायचे असतात. २०२० च्या ऑक्टोबरमध्ये अमेरिकेतल्या व्हरमाँट विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्राची रुग्णनोंद यंत्रणा सुमारे चार आठवडे बंद होती. त्यांचे प्रमुख पुढे काँग्रेससमोर म्हणाले की, अनेक तरुण डॉक्टरांनी कागदावर कधी कामच केले नव्हते, आणि फोनही इंटरनेटवर चालणारे असल्यामुळे बंद पडले, तेव्हा दुकानात जाऊन असतील तेवढे वॉकी-टॉकी विकत आणावे लागले. आमच्या दुसऱ्या तालमीत हे दृश्य मी लहान प्रमाणावर पाहिले. एका निवासी डॉक्टरांनी औषधांच्या कागदी तक्त्यावर इन्सुलिनचे सहा युनिट लिहिताना सहाच्या पुढे इंग्रजी यू हे अक्षर लगटून काढले. घाईत लिहिलेला तो यू वरून मिटला आणि शून्य झाला. औषधशाळेतल्या मॅडमनी तो कागद उजेडाला धरला, चष्मा वर केला आणि फोन करण्याऐवजी स्वतः जिना चढून वॉर्डात आल्या. "डॉक्टर, हे सहा आहेत की साठ?" एवढेच त्यांनी विचारले. ही चूक जगभरच्या औषध-सुरक्षेच्या पुस्तकांत नोंदलेली आहे आणि युनिट हा शब्द पूर्ण लिहावा असा नियमही आहे, पण संगणक ते काम आपोआप करत असल्यामुळे नव्या पिढीला तो नियम कधी लागलाच नव्हता. त्या दिवसानंतर आमच्या कागदी तक्त्यावर युनिट हा शब्द छापलेलाच असतो, मात्रेसाठी चौकोन वेगळे असतात, आणि अ‍ॅलर्जीचा रकाना प्रत्येक पानाच्या माथ्यावर असतो, कारण पहिल्या आवृत्तीत तो फक्त पहिल्या पानावर होता आणि पहिले पान वेगळे झाले की रुग्णाची अ‍ॅलर्जीही वेगळी होत होती.

प्रयोगशाळेचा प्रश्न यापेक्षा अवघड आहे. रक्ताच्या नळीवरचा बारकोड हा प्रयोगशाळेचा कणा असतो. तो नसला तरी तपासणीचे यंत्र चालते, पण निकाल त्याच्या छोट्या पडद्यावरच थांबतो; तो कोणीतरी हाताने उतरवायचा, दुसऱ्याने ताडून पाहायचा, आणि तिसऱ्याने तो कागद घेऊन योग्य वॉर्डात धावायचे. लंडनमध्ये ३ जून २०२४ रोजी सिनोव्हिस या रक्त-तपासणी पुरवठादारावर किलिन टोळीचा हल्ला झाला, तेव्हा रुग्णालयांचे स्वतःचे संगणक शाबूत होते, तरी किंग्ज कॉलेज आणि गाइज अँड सेंट थॉमस या मोठ्या संस्थांना दहा हजारांहून अधिक बाह्यरुग्ण भेटी आणि सतराशेहून अधिक नियोजित उपचार पुढे ढकलावे लागले. रक्तगट नेहमीच्या वेगाने जुळवता येईना, म्हणून सर्वांना चालणारे ओ गटाचे रक्त अधिक वापरावे लागले आणि त्या गटाच्या दात्यांना जाहीर आवाहन करावे लागले. या व्यत्ययाच्या काळात एका रुग्णाचा मृत्यू झाला, आणि रक्त-तपासणीच्या निकालाला झालेला उशीर हे त्यामागच्या अनेक कारणांपैकी एक होते, असे संबंधित रुग्णालयाने २०२५ मध्ये मान्य केले. आपल्या योजनेत रुग्णालयाच्या भिंतीबाहेरच्या पुरवठादारांची यादी आणि त्यातला प्रत्येक जण महिनाभर नाहीसा झाला तर काय करायचे, याचे उत्तर असायला हवे, ते यासाठी. आमच्या यादीत पहिल्या फेरीत अकरा नावे आली. परिचारिकांना विचारल्यावर ती तेवीस झाली.

शेजारच्या रुग्णालयांचाही विचार त्यात यावा. २०२० च्या सप्टेंबरमध्ये जर्मनीत ड्युसेलडॉर्फच्या विद्यापीठ रुग्णालयाचे सुमारे तीस सर्व्हर कुलूपबंद झाले, आपत्कालीन विभाग बंद ठेवावा लागला, आणि एका गंभीर रुग्ण महिलेला सुमारे तीस किलोमीटरवरच्या वुपरटालला न्यावे लागले, तिथे तिचा मृत्यू झाला. हल्ल्यामुळेच मृत्यू झाला असे सिद्ध करता येणार नाही, या निष्कर्षावर सरकारी वकील आले, आणि तो निष्कर्ष लक्षात ठेवूनच ही घटना सांगावी. अनेक ठिकाणी ती अर्धवट सांगितली जाते. पण रुग्णवाहिका वळवावी लागली तर ती कुठे वळवायची आणि तिथे जागा असेल का, याचा करार शांततेच्या काळात झालेला बरा. सान डिएगोमध्ये २०२१ साली एका रुग्णालय-समूहावर हल्ला झाला, तेव्हा ज्यांच्यावर हल्ला झालाच नव्हता त्या शेजारच्या आपत्कालीन विभागांत गर्दी आणि ताटकळण्याचा वेळ वाढल्याचे पुढे प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसून आले.

तालमीबद्दल एक खुलासा करायला हवा. रुग्णांना धोका नको म्हणून तालमीच्या वेळी एक वरिष्ठ डॉक्टर शेजारच्या वॉर्डात चालू संगणकापाशी बसून सर्व नोंदी पाहत असतात आणि कोणत्याही क्षणी तालीम थांबवू शकतात. व्यवस्थापनाला दिवसा, कमी गर्दीच्या वेळी तालीम हवी असते; आम्ही तिसऱ्या तालमीपासून रात्रीची वेळ मागून घेतली, कारण हल्लेखोर सुट्टीचा दिवस आणि रात्र निवडतात, आणि रात्री वॉर्डात माणसे निम्मी असतात. रात्रीच्या पहिल्या तालमीत कळले की कोऱ्या कागदी तक्त्यांचे कपाट कुलूपबंद आहे आणि त्याची किल्ली दिवसपाळीच्या लिपिकाकडे, घरी आहे. लाल पट्टीच्या संगणकाला आता स्वतःचे स्थानिक खाते आहे आणि त्याचा पासवर्ड प्रमुख परिचारिकांच्या खणात मोहोरबंद पाकिटात ठेवला आहे. लेखापरीक्षक दरवर्षी त्या पाकिटावर आक्षेप घेतात आणि आम्ही दरवर्षी तेच उत्तर लिहून देतो.

सर्वांत कमी विचार होतो तो संगणक परत आल्यानंतरच्या कामाचा. कागदावर गेलेले आठवडे पुन्हा यंत्रणेत भरायचे असतात, आणि ते भरणारी माणसे तोपर्यंत थकलेली असतात. गेल्या तालमीत तीन तासांत जमलेले कागद भरायला दोन लिपिक आणि एक औषधनिर्माता यांना जवळजवळ दोन दिवस लागले. दाखल होणाऱ्या रुग्णांसाठी आम्ही आधीच छापून ठेवलेल्या तात्पुरत्या क्रमांकांच्या मनगटपट्ट्या वापरल्या होत्या, आणि नोंदवहीत सतरा हा क्रमांक दोनदा लिहिलेला निघाला, कारण रात्री सव्वाएकला वहीचे पान उलटताना लिहिणारा माणूस बदलला होता. त्या क्रमांकाचा एक रक्त-अहवाल होता, आणि तो दोघांपैकी कोणाचा हे कागदावरून ठरत नव्हते. शेवटी नमुना घेऊन गेलेल्या वॉर्डबॉयला सुट्टीच्या दिवशी फोन केला. त्याला आठवत होते, कारण त्या खाटेजवळच्या आजोबांनी त्याला वेळ विचारली होती. आम्ही अहवाल त्या नावावर चढवला, शेजारी लाल शाईत कारण लिहिले, आणि खात्रीसाठी दोन्ही रुग्णांचे रक्त पुन्हा घेतले. पुढच्या तालमीसाठी वहीच्या प्रत्येक पानावर क्रमांक छापून घेतले आहेत.